गरम झाली की रेस अडकते, मग बंद पडते : जुनी टू-स्ट्रोक, पॉइंटवाली

सोळाचा पाना

नमस्कार मंडळी. वडिलांची टू-स्ट्रोक मोटरसायकल अकरा वर्षं झाकून उभी होती. गेल्या चार महिन्यांत तिला चालती केली, पण पूर्ण बरी काही होत नाहीये. सविस्तर लिहितो, म्हणजे कोणाला परत परत विचारावं लागणार नाही.

एक सिलिंडर, १७५ सीसी, पिस्टन-पोर्ट (पिस्टनच वरखाली होताना सिलिंडरची भोकं उघडतो-झाकतो), पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारा स्विच) आणि मॅग्नेट (इंजिनासोबत फिरून करंट तयार करणारं चाक), ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या घडणीच्या सगळ्या गाड्यांचं दुखणं एकाच जातीचं असतं असं मला वाटतं.

थंड असताना दुसऱ्या किकला सुरू होते. पहिली दहा-बारा मिनिटं मस्त पळते. मग मूठ सोडली तरी रेस वरच अडकते, चार-पाच सेकंदांनी हळूहळू उतरते. आणखी थोडं अंतर गेलं की मिसिंग सुरू, चढावर दम सुटतो आणि बंद. मग कितीही किका मारा, दाद देत नाही. अर्धा तास थांबलं की पुन्हा दुसऱ्या किकला सुरू.

आतापर्यंत केलेलं : कार्बुरेटर तीनदा खोलून साफ, नवा प्लग, नवा एअर फिल्टर, पेट्रोल कॉकची जाळी साफ. एका मेकॅनिकने आता मेन जेट (कार्बुरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) दोन नंबर मोठा टाकायला सांगितलंय. टाकू का?

निळा धूर

आधी फुकटातली तपासणी करा. गाडी बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा. हवा आत खेचल्याचा आवाज आला आणि लगेच सुरू झाली, तर झाकणाचं भोक बुजलंय. टाकीत हवा शिरली नाही की पेट्रोल खाली उतरत नाही. अकरा वर्षं उभ्या गाडीत त्या भोकात किडे घर करतात.

रानजाई

प्लग कोणत्या रंगाचा निघतोय?

सोळाचा पाना

झाकण पाहिलं. भोक मोकळं आहे, उघडं ठेवूनही तसंच झालं. प्लग पांढराफटक आहे ताई, टोकाशी बारीक दाणे दिसतात.

गजनपिन

दादा, जेट अजिबात बदलू नका. पांढरा प्लग आणि अडकणारी रेस म्हणजे इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जातेय. मोठा जेट टाकलात तर लक्षण झाकलं जाईल, हवा कुठून येते ते मात्र कळणार नाही. कार्बुरेटर तुम्ही तीनदा खोललाय. आता त्याला हात लावायचा नाही, ही माझी विनंती.

तुमच्या गाडीला एक नाही, दोन आजार आहेत असं मला वाटतं. गरम झाल्यावर बंद पडणं आणि थंड झाल्यावर चालू होणं, हा बहुतेक करंटचा भाग. रेस अडकणं हा हवेचा भाग. दोन्ही एकदम दिसतात म्हणून माणूस गोंधळतो. एकेक सोडवा.

करंटसाठी असं करा. गाडी बंद पडली की लगेच दुसरा प्लग कॅपला लावून, हेडपासून लांब, उघड्या धातूला टेकवून किक मारा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते, तेव्हा ते भोक आधी झाका. ठिणगी जाड आणि निळी हवी. बारीक, पिवळट, तुटक असेल तर मॅग्नेटच्या खिडकीतून पॉइंटकडे पाहा. पॉइंट उघडताना मोठी निळी ठिणगी पॉइंटमध्येच उडत असेल तर कंडेन्सर (ती ठिणगी शोषून घेणारा भाग) गेलाय. साधारण ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास असतो तो. थंड असताना मीटरवर बरोबर आकडा दाखवतो, गरम झाल्यावर दगा देतो. म्हणून मोजत बसण्यापेक्षा नवा लावून पाहावा.

लेथवाला

गजनपिन काकांशी सहमत. त्यात एवढंच घालतो की कॉइलही गरम झाल्यावर अशीच वागते, आतली वायर तापली की फट पडते. पण आधी कंडेन्सर. आणि प्लग कॅप फिरवून काढून वायरचं टोक बघा. जुन्या वायरीत तांब्याला हिरवा गंज चढलेला असतो, तेवढा भाग कापून कॅप पुन्हा बसवा.

सोळाचा पाना

(चार दिवसांनी)

काका, तुमचं म्हणणं खरं ठरलं. गाडी बंद पडल्यावर खिडकीतून पाहिलं तर पॉइंटवर वेल्डिंग केल्यासारखा उजेड. नवा कंडेन्सर लावला. पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकडी तयार झाली होती, ते घासलं. आता चाळीस मिनिटं सलग चालवली, बंद पडली नाही.

पण रेस अजून अडकते. प्लगही पांढराच.

गजनपिन

उत्तम. अर्धं काम झालं. पॉइंट घासलेत म्हणजे गॅप (पॉइंटमधली फट) आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) दोन्ही पुन्हा लावावं लागेल, आणि याच क्रमाने. आधी फिलर गेजने गॅप. बहुतेक जुन्या गाड्यांत ०.३ ते ०.४ मिमी असतो, तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल तोच धरा. टायमिंग त्यानंतर. गॅप बदलला की टायमिंग आपोआप सरकतं, म्हणून उलट क्रमाने केलेलं काम वाया जातं. पॉइंटची टाच (फिरत्या शाफ्टवर घासणारं टोक) झिजली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी उशिरा पडते. गाडी तापते, ओढत नाही. टाचेखालच्या फेल्टला ग्रीसचा एक ठिपका द्या, जास्त नको, उडून पॉइंटवर बसतं.

टायमिंग डोळ्याने लावू नका. प्लगच्या भोकात डायल गेज बसवा, पिस्टन अगदी वर आणून शून्य करा, मग इंजिन मागे फिरवून मॅन्युअलमधल्या मिमीच्याही थोडं पलीकडे जा आणि पुन्हा पुढे येत त्या आकड्यावर थांबा, म्हणजे मधला ढिलेपणा जातो. पॉइंट नेमके तिथे उघडायला हवेत. अंदाज यावा म्हणून सांगतो : ५० मिमी स्ट्रोक आणि १०० मिमी कनेक्टिंग रॉड असेल तर पिस्टन वर पोचायच्या आधीचे क्रँकचे २० अंश म्हणजे जेमतेम १.९ मिमी. अर्ध्या मिलिमीटरची चूकसुद्धा किती मोठी ते यावरून दिसेल. पॉइंट उघडल्याचा क्षण पकडायला पातळ कागद त्यात धरा, सुटला की उघडले.

आणि मॅग्नेट काढाल तेव्हा क्रँकवरची अर्धचंद्र चावी नीट बघा. ती थोडीशी जरी कातरली गेली असेल तरी सगळं टायमिंग खोटं दाखवतं.

चढउतार

हवा कुठून शिरते ते शोधायला सोपा उपाय : इंजिन चालू ठेवून कार्बुरेटरच्या जोडाभोवती आणि मॅग्नेटच्या बाजूला पेट्रोल शिंपडा. रेस बदलली तर तिथेच गळती.

लेथवाला

कृपा करून हे कोणी करू नका. मॅग्नेटच्या झाकणाआड पॉइंट उघड्यावर ठिणग्या टाकत असतात आणि सायलेन्सर तापलेला असतो. या पद्धतीने हाताला भाजलेला माणूस मी डोळ्यांनी पाहिलाय. सुरक्षित मार्ग आहे, आणि तो जास्त खात्रीचाही आहे : इंजिन बंद ठेवून हवेचा दाब देऊन बघणं.

चढउतार

मान्य. माझ्याकडून चुकीचा सल्ला गेला. लेथवाले दादा, दाबाची पद्धत सविस्तर लिहाल का? मलाही करायची आहे.

लेथवाला

लिहितो. पण आधी हे का करायचं ते सांगू द्या, कारण ते डोक्यात बसलं की जुनी टू-स्ट्रोक कधीच कोडं वाटत नाही.

फोर-स्ट्रोकमध्ये क्रँककेस (क्रँकभोवतीची पेटी) म्हणजे ऑइलचं भांडं. आपल्या टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा पंप आहे. पिस्टन वर जाताना खाली पोकळी होते आणि कार्बुरेटरमधून मिश्रण आत खेचलं जातं. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबलं जातं आणि ट्रान्सफर पोर्टमधून सिलिंडरमध्ये चढतं. जोसेफ डे या इंग्रज अभियंत्याने १८९० च्या सुमारास ही रचना मांडली. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. पण त्या साधेपणाची अट एकच : क्रँककेस हवाबंद पाहिजे. क्रँकच्या दोन्ही टोकांना जे ऑइल सील असतात, ते नावालाच ऑइल सील. त्यांचं खरं काम हवा अडवण्याचं.

गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की सीलचं रबर लाकडासारखं कडक होतं. थंड असताना कसंबसं भागतं, इंजिन तापलं की ओठ शाफ्टवरून सुटतो. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर बाहेरची कोरडी हवा आत येते. मिश्रण पातळ, रेस अडकते, प्लग पांढरा, आणि शेवटी पिस्टन सीझ, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. गिअरच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल आत खेचलं जातं : पांढरट दाट धूर थांबत नाही आणि गिअर ऑइलची पातळी गळती दिसत नसतानाही उतरते. पांढरा प्लग आणि धूर नाही, म्हणून मला तुमच्या मॅग्नेटच्या बाजूचा संशय.

आता कृती. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडावर जाड रबर ठेवा आणि त्याच फ्लँजने पत्र्यासकट आवळा. कार्बुरेटर काढून तिथेही तसंच. जुन्या प्लगमधली चिनीमाती फोडून त्याच्या लोखंडी अंगात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवा आणि तो प्लगच्या जागी लावा. पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहून सिलिंडर आणि क्रँककेस एकच पोकळी होते. मग हवा भरा. सायकलच्या पंपाने भरू नका, दाब एकदम चढतो आणि चांगलं सीलही बाहेर येऊ शकतं. रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ वापरा. त्याचे ३०० मिमी म्हणजे साधारण ५.८ पीएसआय, आपल्याला हवे तेवढेच. भरून थांबा. मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त उतरू नये. काटा धावत खाली आला तर साबणाचं पाणी ब्रशने लावा : हेडचा जोड, सिलिंडरखालचं पॅकिंग, क्रँककेसची मधली फट, मॅग्नेट प्लेटमागे. गिअरबॉक्सच्या फिलरला नळी लावून कान द्या, तिथे फुसफुस ऐकू आली तर गिअरच्या बाजूचं सील.

पिस्टन खाली असताना इनलेट पोर्ट पिस्टनच्या अंगाने झाकलेलं असतं. म्हणून कार्बुरेटरच्या फ्लँजचं पॅकिंग तपासायला पिस्टन वर आणून, इनलेटमधून हवा भरून एकदा वेगळं बघा.

अजून एक गोष्ट. काही सील दाब धरतात पण ओढ धरत नाहीत, कारण आतल्या दाबाने ओठ शाफ्टवर आवळला जातो. दाबाची परीक्षा पास झाली तरी शंका राहिली, तर हवा उलट खेचून बघावी.

रानजाई

रक्तदाबाच्या यंत्राची कल्पना फार आवडली. मी आजवर दाबाची परीक्षा फक्त मोठ्या वर्कशॉपचं काम समजत होते.

सोळाचा पाना

(पाच दिवसांनी)

केलं. ३०० वरून २०० वर यायला वीस सेकंदही लागले नाहीत. मॅग्नेट प्लेटमागे साबणाचा फेस असा फुलला की शेजारच्या मुलाला बोलावून दाखवला. गिअरबॉक्स शांत. बाकी सगळे जोड कोरडे.

मॅग्नेट पुलरने काढला. सीलला नखाने दाबलं तर नख वाकलं, रबर नाही. माझ्या इंजिनात हे सील बाहेरून निघतं, केस उघडावं लागत नाही. तरी घाई करत नाही. नवं बसवताना काय सांभाळू?

गजनपिन

काढताना हुक शाफ्टला लागू देऊ नका. एक ओरखडा पडला तर नवं सीलही गळेल. जुन्या सीलचा फोटो आधी काढा, स्प्रिंगची बाजू कुठे होती ते दिसलं पाहिजे. साधारणपणे ती क्रँककेसकडे असते. शाफ्टवर जुन्या ओठाने खाच पाडली असेल तर नवं सील पूर्ण आत न ठोकता मिमीभर बाहेर बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर फिरेल. फक्त तिथे तेवढी जागा आहे आणि बेअरिंगला ऑइल जायची वाट बंद होत नाही, हे आधी पाहा. ओठाला ग्रीस लावूनच बसवा. शक्य असेल तर व्हायटॉन नावाच्या रबराचं घ्या. आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलला ते साध्या रबरापेक्षा नक्कीच चांगलं टिकतं.

आणि सिलिंडर उतरवून पिस्टन बघाच. इतके दिवस पातळ मिश्रणावर चाललीय.

सोळाचा पाना

सिलिंडर उतरवला. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे आहेत, खोल नाहीत, नखाला लागत नाहीत. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून गॅप मोजला : ०.८ मिमी. बोअर ६० मिमी.

लेथवाला

६० मिमी बोअरला नवी रिंग साधारण पाव मिलिमीटरच्या आसपास असते. ०.८ म्हणजे रिंगचं आयुष्य झालं. आधी बोअर वर, मध्ये आणि खाली, आडवा-उभा मोजून घ्या. झीज मर्यादेत असेल तर त्याच साइजची नवी रिंग चालेल. अंडाकृती झाला असेल तर बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन टाकण्याला पर्याय नाही. रिंगची टोकं खोबणीतल्या पिनवर बरोबर बसलीत याची सिलिंडर खाली सरकवताना दोनदा खात्री करा. टोक पिनवर चढलं तर पोर्टमध्ये अडकून रिंग तुटते. गजनपिनचे (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनचे) लॉक नवेच वापरा.

उघडलंच आहे तर एक्झॉस्ट पोर्टमधला कार्बन काढा, पिस्टन खाली नेऊन, लाकडी पट्टीने किंवा ॲल्युमिनियमच्या तुकड्याने. स्क्रू ड्रायव्हर नको. सायलेन्सरचं आतलं जाळीचं नळकांडं लोखंडी असेल तर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवा. हातमोजे आणि चष्मा घालूनच, आणि ॲल्युमिनियमचं काहीही त्यात जाता कामा नये, ते विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो.

चढउतार

सायलेन्सरमधलं ते नळकांडं काढूनच टाकलं तर? माझ्या मित्राच्या गाडीचा आवाज जबरदस्त झालाय.

गजनपिन

आवाज वाढला, ताकद गेली असेल. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा इंजिनाचा भाग आहे, मागे लटकवलेला डबा नव्हे. एक्झॉस्ट पोर्ट उघडल्यावर सुटलेली दाबाची लाट सायलेन्सरच्या आकारावर आपटून परत येते, आणि पोर्टमधून बाहेर निघू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते. पूर्व जर्मनीतल्या एमझेडमध्ये वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात यावरच काम केलं आणि १९६१ पर्यंत १२५ सीसीच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती काढली. त्याच वर्षी त्यांचा रेसर अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला, हे ज्ञान सुझुकीकडे गेलं, आणि १९६२ मध्ये डेग्नरने सुझुकीवर ५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं. आपली गाडी शर्यतीची नाही. पण तिच्याही सायलेन्सरची लांबी आणि आतली रचना कोणीतरी हिशोबाने ठरवलेली आहे, ती तशीच राहू द्या.

रानजाई

मी ऑइलबद्दल विचारते. माझ्या १०० सीसीच्या जुन्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये २५ ला १ लिहिलंय. कोणी म्हणतं आजचं ऑइल चांगलं आहे, ५० ला १ पुरे. कोणी म्हणतं सुरक्षेसाठी २० ला १ टाक.

गजनपिन

ताई, लिटरला मिली असं धरा : २० ला १ म्हणजे ५०, २५ ला १ म्हणजे ४०, ३२ ला १ म्हणजे ३१, ५० ला १ म्हणजे २०. जुन्या गाडीत कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला आणि गजनपिनला साधं बुश किंवा जुन्या पद्धतीची बेअरिंग असेल, तर मॅन्युअलचा आकडा सोडू नका. ५० ला १ तिथे जुगार आहे. जास्त ऑइल टाकणंही सरसकट सुरक्षित नाही. ऑइल वाढलं की त्याच जेटमधून जाणारं पेट्रोल तेवढं कमी होतं, म्हणजे मिश्रण पातळ होतं. हे अनेकांना उलटं वाटतं.

ऑइल जासो या जपानी मानकाच्या एफसी किंवा एफडी दर्जाचं घ्या. टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं ऑइल पाण्याने थंड होणाऱ्या बोटींच्या इंजिनांसाठी आहे, हवेवर थंड होणाऱ्या गाडीत ते वापरू नये.

आणि लांब उतारावर मूठ पूर्ण बंद करून गिअरमध्ये गाडी सोडू नका. पेट्रोल बंद म्हणजे ऑइल बंद, आणि इंजिन मात्र फिरतंय. साबच्या टू-स्ट्रोक मोटारींना याच कारणासाठी फ्रीव्हील दिलेलं असायचं. आपण अधूनमधून क्लच दाबून मूठ थोडी उघडावी.

निळा धूर

ज्यांच्या गाडीला वेगळा ऑइल पंप आहे त्यांच्यासाठी : यामाहाने १९६४ मध्ये ऑटोल्यूब आणल्यापासून मिसळायचं काम वाचलं, पण पंपाची नळी एकदा जरी काढली तरी आतली हवा काढून टाकावीच लागते. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत टाकीत मिसळलेलं पेट्रोल वापरा. पंपाची केबल मूठ फिरवल्यावर खुणेला खूण जुळते का तेही बघा. नव्या केबलने सीझ झालेली गाडी मी सोडवलीय.

सोळाचा पाना

(दोन आठवड्यांनी)

बोअर मर्यादेत निघाला. नवी रिंग, नवं सील, सगळी पॅकिंग नवी. जोडल्यावर आधी दाब दिला : ३०० वरून पाच मिनिटांत २८५. मग डायल गेजने टायमिंग लावलं, चार अंशांनी मागे होतं.

आज सकाळी सुरू केली. दोन मिनिटं जागेवर गरम होऊ दिली, मग तासभर अर्ध्या मुठीच्या आत चालवली. आता मूठ सोडली की रेस तत्काळ खाली येते. एवढं साधं आहे हे, पण चार महिन्यांत मी ते एकदाही ऐकलं नव्हतं. प्लग कॉफीच्या रंगाचा. जेट होता तोच आहे, कार्बुरेटरच्या सुईची क्लिपही हलवली नाही.

वडील अंगणात खुर्चीवर बसले होते. बाकी काही बोलले नाहीत, उठले आणि किक मारायला स्वतः पुढे आले.

गजनपिन

फार बरं वाटलं वाचून. आता इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट आडव्या-तिडव्या क्रमाने मॅन्युअलच्या टॉर्कला पुन्हा आवळा, नवं पॅकिंग बसतं. पहिले तीनशे किलोमीटर एकाच वेगात धरून चालवू नका, मूठ वरखाली होऊ द्या. आणि गाडी पुन्हा महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बुरेटरचा फ्लोट चेंबर (पेट्रोलची वाटी) रिकामा होईपर्यंत चालवा. इथेनॉलच्या पेट्रोलने पाणी ओढलं की ते पाणी खाली साचतं, ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, आणि इंजिनात पहिला घोट बिनाऑइलचा जातो.

सोळाचा पाना

नट उद्या सकाळीच आवळतो, काका. टॉर्क रेंचही आणलाय.